पाठराखीण

"एकदा कुणाची पाठ राखायला घेतलीस की सोडता येत नाही हं, पोरी. माणूस नकोसं झालं तरी नाही."

शिवदासकाका मला हे म्हणाले तेव्हा मी "हो हो, कळलं" म्हटलं आणि झटकून टाकलं. माझं लक्षच नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून मी माझ्या नवऱ्याच्या कानाकडे बघत होते.

कानाचं आधी सांगते. जयवंतला कुणाचं बोलणं मनापासून आवडलं की तो उजव्या कानाची पाळी चिमटीत धरतो आणि बोलणं संपेपर्यंत सोडत नाही. त्याला स्वतःला हे माहीत नाही. मला माहीत आहे, कारण आमच्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी बोलत होते आणि आयटीआयमधला हा मुलगा कुणा मित्राबरोबर उगाच येऊन बसला होता, कान धरून. बक्षीस मला मिळालं नाही, नवरा मिळाला. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. हा माणूस रूपावर जाणारा नाही, बोलण्यावर जाणारा आहे. रूपावर जाणाऱ्या नवऱ्याची बायको निदान आरशात बघून अंदाज घेऊ शकते. माझी तीही सोय नव्हती. आमची शकु झाल्यापासून माझं बोलणं म्हणजे दूध उतू गेलं, दुपटी वाळली नाहीत आणि हिचं अंग गरम लागतंय का बघ रे जरा.

आणि त्या दिवशी सभेत राधा बोलत होती, आणि जयवंतने कान धरला होता.

जयवंत कांदिवलीला पंख्यांच्या कारखान्यात आहे, पात्यांचा तोल साधायच्या कामावर. राधा तिथेच वाइंडिंगला, म्हणजे मोटरमध्ये तांब्याची तार गुंडाळायच्या खात्यात. मालकाला कारखाना वापीला न्यायचा होता. तिकडे सरकारी सवलती होत्या आणि युनियन नव्हती. पगार रखडले, मग काम थांबलं, मग एके दिवशी यंत्रं न्यायला ट्रक आला. तेव्हा वाइंडिंगच्या बायका ट्रकच्या चाकांसमोर डबे सोडून जेवायला बसल्या. ट्रक रिकामा गेला. तेव्हापासून गेटवर पाळीपाळीने बसणं सुरू झालं.

आधी त्यांचा एक मोठा पुढारी होता, गाडीतून यायचा. मालकाच्या केबिनमध्ये एकटा जायचा आणि बाहेर येऊन "जिंकलो" म्हणायचा. काय जिंकलो ते पगाराच्या दिवशी कळायचं. गिरण्यांच्या संपानंतर लोकांना असल्या जिंकण्याची धास्तीच बसली होती. म्हणून यांनी स्वतःची युनियन काढली आणि तिचे नियम जगावेगळे केले. बाहेरचा पुढारी नको, कुठल्या पक्षाचा झेंडा नको. झाडूवाल्यापासून फिटरपर्यंत सगळे एकाच युनियनमध्ये, कंत्राटी मुलीसुद्धा. जे काय ठरवायचं ते उघड सभेत, हात वर करून. अध्यक्षाला खुर्ची नाही, स्टूल, आणि त्यावर दर महिन्याला चिठ्ठी टाकून नवीन माणूस.

"मालकाला खुर्ची, पुढाऱ्याला खुर्ची," राधा म्हणायची, "आणि आपण काय जन्मभर सावधान? खुर्ची दिली की माणूस टेकतो. स्टुलावर कंबर दुखते, लवकर उठतो."

आणि शेवटचं कलम हे, की कोर्टाच्या तारखांवर जगायचं नाही, नुसती पगारवाढ मागत बसायचं नाही, एक दिवस हा कारखाना आपणच चालवायचा. कॉलेजात राज्यशास्त्राच्या पेपरला 'श्रमसंघवाद – टीप लिहा' असा प्रश्न यायचा. मी तो नेहमी पर्यायात सोडायचे. आता तो माझ्या घरात येऊन पाट मांडून बसला होता. रोज जेवताना जयवंतची वाक्यं एकाच शब्दांनी सुरू व्हायची. "राधा म्हणते..."

त्यांच्या नियमांतला एक नियम पाठराख्याचा. मालकाकडे, मॅनेजरकडे, कुणाकडेच कोणी एकट्याने जायचं नाही. गेलं तर पाठराख्याला घेऊन. आणि रोज संध्याकाळी आपण घास घ्यायच्या आधी पाठराख्याच्या घरी जाऊन बघून यायचं, चूल पेटली आहे का. नसेल तर आपल्यातलं अर्धं तिकडे. कोण कुणाचा पाठराखा हे चिठ्ठ्यांवर ठरलं, पंख्याच्या रिकाम्या खोक्यात हात घालून. जात, खातं, बाई, पुरुष काही बघायचं नाही.

जयवंतला चिठ्ठी निघाली राधाची.

मग रोज दिवेलागणीला तो बोरीवली पूर्वेच्या आमच्या चाळीतून निघून मागाठाण्याच्या वस्तीत तिच्या खोलीवर जायचा. मी शकुला कडेवर घेऊन दारात उभी.

"किती वेळ रे?"

"अगं, चूल बघायला किती वेळ लागणार?"

"तेच म्हणते मी. लांबूनसुद्धा दिसते चूल. धूर दिसतो."

"स्टोव्ह आहे तिचा," तो हसायचा. "धूर कुठून दिसणार?"

परत आला की मी त्याच्या शर्टाचा वास घ्यायचे. रॉकेलचा वास आला की वाटायचं, अगदी स्टोव्हपाशी बसला होता म्हणजे. नाही आला की वाटायचं, मग कुठे बसला होता? राधाचा नवरा घरात नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळसूत्र होतं, नवरा नव्हता. आमच्या शेजारच्या प्रेमावहिनी, कारखान्याच्या ऑफिसात कारकून असलेल्या नंदूची बायको, नळावर मला म्हणाल्या, "तिच्याकडचा चहा पितो का गं तो? आमच्यात नाही चालत बाई." त्यांचा रोख दुसरीकडे होता, तो मला कळला आणि रागही आला. पण खरं सांगू? पाणी भरून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की, चहा पितो?

तिची एक गोष्ट तर मला अजिबात सहन होत नव्हती. ती त्याला "अरे" म्हणायची. "काय रे जयवंत, ऐक ना रे." सगळ्यांनाच म्हणायची, मान्य आहे. पण "अरे" माझं होतं. घरच्यांचा अबोला पत्करून मिळवलेलं.

म्हणून कुटुंबांसकट सभा ठरली तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून गेले. कारखान्याच्या शेडखाली सगळे बसले होते. कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा, असं स्टुलावरची पॅकिंगची मुलगी म्हणाली. मी उभी राहिले.

"राधाबाई एकट्या राहतात," मी म्हटलं. आवाज स्पर्धेतल्यासारखा निघाला. "तिन्हीसांजेला तिथे बाईमाणसानं जाणं जास्त बरं. जयवंतच्या ऐवजी मी जात जाईन."

माझ्या मते यात कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं. पण वाइंडिंगच्या दोन बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावताना मला दिसल्या. हात वर झाले. ठरलं. तेव्हा फाउंड्रीतले शिवदासकाका, त्या कारखान्यातले सगळ्यात जुने, माझ्याजवळ येऊन ते वाक्य बोलले, पाठ राखायला घेतलीस की सोडता येत नाही म्हणून. आणि मी कानाकडे बघत होते, कारण राधा उत्तराला उभी राहिली होती.

"मला चालेल," ती म्हणाली. "पण हे एकतर्फी नसतं हं वहिनी. तुम्ही माझ्या पाठराखीण, म्हणजे मी तुमची. उद्यापासून मी येणार तुमची चूल बघायला."

जयवंतने कान धरलेला. मी मटकन खाली बसले. नवरा तिच्या घरी जाऊ नये म्हणून मी एवढं केलं, आणि तिला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवलं.

ती खरंच यायची. पोरीमुळे मला तिन्हीसांजेला निघता यायचं नाही, म्हणून मी सकाळी तिच्याकडे जाऊन यायचे आणि संध्याकाळी ती आमच्याकडे. सकाळी माझी नजर पोलीस पंचनाम्यासारखी तिच्या खोलीतून फिरायची. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली घासूनपुसून ठेवलेला स्टोव्ह, दोरीवर दोन साड्या, खुंटीवर पुरुषाचा एक शर्ट. त्या शर्टावर माझे डोळे अडकायचे. पण तो जयवंतच्या मापाचा नव्हता. मी मापून बघितला, ती पाणी आणायला गेली तेव्हा.

संध्याकाळी ती आमच्या ओट्याजवळ पाय पसरून बसायची. शकु तिच्या मांडीत. मला पोरीला भात भरवायला तासभर लागायचा. हिच्या हातून ती चिमणीसारखी तोंड उघडायची.

"तुझी आई किती काळजी करते गं," राधा तिला म्हणायची. "घास पोटात जायच्या आधीच घाबरतो."

"लहान आहे ती. ठसका लागतो," मी म्हणायचे.

"लागू दे की. ठसका लागल्याशिवाय गिळायला कोण शिकलंय?"

जयवंत हसायचा. माझ्याच ओट्याजवळ माझ्यावर.

रतनची गोष्ट मी अशाच एका संध्याकाळी ऐकली. रतन तिचा नवरा. गिरणीत साच्याच्या, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता, तुटलेला धागा चालत्या चात्यावर असा जोडायचा की गाठ सापडायची नाही. संपात घरातली एकेक वस्तू गेली. मग एक दिवस गिरणीतला कुणी जॉबर, म्हणजे मुकादम, एकटाच घरी आला आणि म्हणाला, उद्या गुपचूप आत ये, तुझी जागा राखून ठेवलीय. रतन गेला. कुणाला न विचारता, एकटा. संध्याकाळी त्याच्याच सोबत्यांनी दारावर हिरव्या बांगड्यांची माळ टांगली. फितुराला बांगड्या भरायच्या, तशी रीतच होती तेव्हा.

"भांडला असता तर बरं झालं असतं," राधा म्हणाली. "त्यानं माळ काढली, एकही बांगडी फुटू न देता खाली ठेवली, आणि चप्पल घालून गेला. परत आलाच नाही. तो वाईट नव्हता रे जयवंत. एकटा होता. एकट्या माणसाला काहीही खरं वाटतं. म्हणून मी सभेत पाठराख्याचं काढलं."

जयवंतचा हात कानाकडे गेला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता, की हिचं दुःखसुद्धा माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं बोलतं.

मग तो गजऱ्याचा दिवस आला. सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती केस धुऊन, वेणी घालून बसलेली. खुंटीवरचा शर्ट धुऊन वाळत घातलेला. वेणीत अबोलीचा गजरा. मी तिला कधी फुलं माळलेलं बघितलं नव्हतं.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही गं. असंच." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जी बाई मालकाच्या मॅनेजरच्या डोळ्यात डोळे घालून बोलते, ती.

"जयवंतची आज गेटवर दुपारची पाळी आहे," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. बघायचं होतं काय होतं ते.

"असेल," ती म्हणाली.

घरी येऊन मी पलंगाखालची ट्रंक ओढली. जयवंतचे तपकिरी बूट, लग्नातले, एवढ्या वर्षांत चारदोनदा घातलेले, तिथे असायचे. नव्हते. गेटवर बसायला बूट कशाला लागतात?

मी शकुला उचललं आणि परत मागाठाण्याला गेले. राधा वस्तीतून बाहेर पडताना दिसली. मी मागे मागे. ती स्टेशनाकडे गेली आणि स्टेशनासमोरच्या उडप्याच्या हॉटेलात शिरली. तुम्हाला ती हॉटेलं माहीत असतील. पुढे बाकडी आणि मागच्या बाजूला पडदे लावलेल्या खोल्या, वर पाटी 'फॅमिली रूम'. राधा नेमकी एका पडद्याआड गेली. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली मला टेबलाचे पाय दिसले, राधाच्या चपला दिसल्या, आणि समोर तपकिरी, पॉलिश केलेले पुरुषाचे बूट.

मी तिथे किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. वेटरनं विचारलं, "बाई, कितने लोग?" आयुष्यात काय काय बोलायचं ते सगळं मी मनात जुळवत होते, मुद्दे, उपमुद्दे, समारोप. तेवढ्यात शकु माझ्या कडेवरून घसरली, "मावशी!" ओरडली आणि पडद्याखालून आत गेली.

मग मला जावंच लागलं. मी पडदा बाजूला केला.

आत नंदू होता. प्रेमावहिनींचा नंदू, ऑफिसातला कारकून, तपकिरी बुटात.

मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसलेच. पण राधाचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. चोरी पकडल्यावर शकुचा होतो तसा झाला होता.

"वहिनी, तुम्ही कुठे इकडे?" नंदू उठला. "म्हणजे... आमचं जरा खासगी चाललंय."

"खासगी कसं चालेल?" मी म्हटलं, आणि बसले. हे ठरवून नव्हतं. "मी हिची पाठराखीण आहे. शकुला इडली सांगा ना, नंदूभाऊजी."

तो राधाकडे बघू लागला. राधा टेबलाकडे. मग ती म्हणाली, "बोला. हिच्यासमोर बोला."

कसंबसं त्यानं सांगितलं. रतन सापडलाय. वापीच्या नव्या कारखान्यात वॉचमन आहे. साहेब मोठ्या मनाचे, त्यांनी ठेवून घेतलं. राधालाही तिकडे घेतील, दोघांना खोली देतील. तिनं फक्त शनिवारच्या सभेत म्हणायचं की यंत्रं दुरुस्तीला जाऊ द्या. तिनं सांगितलं तर बायका ऐकतील, बायकांनी ऐकलं की सगळे ऐकतील. आणि हे कुणाला सांगायचं नाही, नाहीतर रतन बिथरून पुन्हा पळेल.

राधा टेबलावरचं पाणी बोटानं ओढत होती. तो धुतलेला शर्ट कुणासाठी होता ते आता मला कळलं, गजराही.

मी या बाईच्या तोंडचा शब्दन् शब्द महिनोन् महिने कान देऊन ऐकला होता. प्रेमानं नव्हे, ते तुम्हाला कळलंच असेल. रतन कसा बसायचा, कसा धागा जोडायचा, भाकरी कुठल्या हातानं मोडायचा, सगळं मला पाठ होतं. मी शकुच्या तोंडात इडलीचा तुकडा दिला आणि म्हटलं, "बरं झालं हो सापडले. आणि त्यांचं ते बोट कसं आहे? साच्यात गेलेलं?"

"बोट?" नंदू म्हणाला. "हां हां, ते बोट. बरं आहे की आता. जखम भरली. वॉचमनला काय, बोटाचं काही अडत नाही."

राधानं मान वर केली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तिचा नेहमीचा चेहरा परत आला.

"नंदूशेठ," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत."

इडलीचं बिल नंदूनंच दिलं. त्याच्या घाईत त्याच्या लक्षात आलं नाही.

रस्त्यावर आल्यावर राधा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. गजरा ओढून काढला, आणि फेकेल असं वाटलं तर शकुच्या जावळाला गुंडाळला.

"कुंदा, मी हात वर करणार होते गं," ती म्हणाली. पहिल्यांदाच वहिनी नाही म्हणाली. "माणूस परत मिळत असेल तर यंत्रं गेली खड्ड्यात, असं झालं होतं मला. मला. जिनं नियम काढला तिला." मग नाक पुसून तिनं विचारलं, "पण तू इथे कशी?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "आत जयवंत आहे."

ती मग अशी हसली की समोरचा पानवाला वळून बघू लागला. "जयवंत? अगं तो केवढा घोरतो! गेटवर झोपला की कुत्री उठून लांब जातात."

तो घोरतो हे हिला कसं माहीत? गेटवर पाळीला झोपतात, तिथे सगळ्यांनाच माहीत असणार, हे मला कळत होतं. तरी.

बूट त्यानं सोल लावायला दिले होते. तेही विचारायला नको म्हणून मी विचारलं नाही, आठवड्याने आपोआप घरी आले.

शनिवारी सभेत राधा उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. नंदूचा निरोप, हॉटेल, खोली, सगळं. आणि हेही, की ती स्वतः कबूल होणार होती. एवढं सांगायची गरज नव्हती. मग मागून एक आवाज आला, "म्हणजे फितूरच की!" आणि दुसरा कुणीतरी, "आणा रे बांगड्या!"

राधा तशीच उभी. मी तिच्याकडे बघितलं आणि मला दारावरची ती माळ दिसली. आता ही चप्पल घालेल, मला वाटलं. आता ही चालू लागेल, आणि मग माझ्या ओट्याजवळ कुणी पाय पसरून बसणार नाही, माझ्या नवऱ्याला कुणी अरे म्हणणार नाही. हेच तर मला हवं होतं. अगदी हेच. ते असं समोर आयतं चालून आलं होतं, आणि मला नको झालं.

मी उभी राहिले. "नियम काय आहे आपला?" मी विचारलं. "एकट्यानं जायचं नाही, हा ना? ती एकटी नव्हती. पाठराखीण बरोबर होती. मी. त्याच टेबलावर बसून सगळं ऐकलंय मी, आणि आज इथे सगळ्यांसमोर आलंय ते. बांगड्या रतनला भरल्या तेव्हा त्याच्याबरोबर कोण होतं? कोणी असतं तर गेला असता का तो? ज्यांचे हात बांगड्या भरायला एवढे शिवशिवतात त्यांनी आधी सांगावं, काल संध्याकाळी आपल्या पाठराख्याची चूल बघून आलात का?"

बरेच जण खाली बघू लागले. मी तिच्या मागे का गेले होते ते सभेनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शिवदासकाका म्हणाले, "हात वर करा. यंत्रं न्यायला द्यायची का?" एकही हात वर झाला नाही.

मी वळून जयवंतकडे बघितलं. त्यानं कान धरला होता. बोलत मी होते, आणि त्यानं कान धरला होता! घरी पोचेपर्यंत मी त्या कानावर जगले. घरी चप्पल काढता काढता तो म्हणाला, "राधाचं धाडस बघ ना. सगळं सांगून टाकलं."

मी भांडी घासली. जोरात.

यंत्रं आहेत तिथेच आहेत. मालक कोर्टात गेला आहे, आणि यांनी तोवर वाइंडिंगचं खातं आपल्या आपण चालू केलं, लोकांचे जळलेले पंखे दुरुस्त करायला. बोरीवली-कांदिवलीच्या सोसायट्यांमधून पंखे येतात, जयवंत पाती जुळवतो, राधा मोटर भरते, आणि जे मिळतं ते सभेत वाटलं जातं. पत्रकं मी लिहून देते. कारखाना चालवणं म्हणजे हे नव्हे, मला कळतं. पण चालवून बघितल्याशिवाय ते तरी कसं कळणार?

एक दिवस खारदांड्याहून धाकू नावाचा एक कोळी टेबल फॅन घेऊन आला, खाऱ्या हवेनं पार गंजलेला. राधा तार जोडत होती ती बघत तो म्हणाला, आमच्याकडे एक जण आहे, जाळी सांधतो. गाठ कुठे मारली ते हाताला लागत नाही. घाटावरचा आहे, बोलत नाही कुणाशी.

राधाच्या हातातली तार थांबली.

मी तिच्याबरोबर जायचं ठरलं होतं. नियमच आहे. पण आदल्या दिवशी शकुला गोवर आला. गोवराच्या पोराला सोडून आई उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि मी तर नाहीच. जयवंत म्हणाला, "मग मी जातो तिच्याबरोबर." मी म्हटलं, "तुझी गेटवर पाळी आहे." राधा माझ्याकडे बघून हसली, शकुच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "राहू दे रे. हिचे डोळे येतातच माझ्यामागे, सवय झालीय मला."

ती गेली ती अजून आलेली नाही. तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसते आहे. निरोप नाही. माणूस भेटला असेल आणि त्याच्यापाशी राहिली असेल, तर चांगलंच. आणि तसं असेल तर तिथे तिची पाठ कोण राखतं, तिच्या ओट्यावर कोण जाऊन बसतं, ते मला जाणून घ्यायचंय. मी इथे असताना दुसरी कोणी कशाला? आणि भेटला नसेल तर ती तिथे एकटी आहे, आणि एकट्या माणसाला काय वाटेल ते खरं वाटतं.

शकुचं पुरळ आता मावळत आलंय, पण ते पुरतं जाईपर्यंत मला हलता येत नाही. जयवंत रोज म्हणतो, मी जाऊन येतो. ते मला नको.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही खारला, वांद्र्याला, त्या बाजूला राहत असाल, तर दिवेलागणीला एकदा दांड्यावर चक्कर टाका. जाळी वाळत घालतात तिथे धाकूचं घर कुठलं म्हणून विचारा. सावळी बाई आहे, मोठ्यानं हसते, सगळ्यांना अरे म्हणते. तिच्या घरात आणखी कोण आहे ते बघत बसू नका. तेवढी चूल पेटली आहे का बघा, आणि आपलं जेवण व्हायच्या आधी बघा.